मटणासारखं न शिजणारं मांस : कांगारू, घोडा, उंट, रेनडिअर आणि आणखी काही

सुरीठोकळा
कांगारू आणलं, कांदा-खोबऱ्याचं वाटण लावलं, सहा शिट्ट्या काढल्या आणि ताटात वातड दोरखंड आला, ही परदेशातल्या मराठी घरांतली नेहमीची तक्रार. दोष मांसाचा नसतो. आपला हात बोकडाच्या मटणावर बसलेला आहे आणि आपण प्रत्येक प्राण्याला तीच पद्धत लावतो.

मटण आपण हाडासकट, सांध्यांसकट, थोड्या चरबीसकट घेतो. सांध्यांजवळच्या चिवट भागात कोलॅजन नावाचं प्रथिन असतं. ते ७० अंशांच्या वर तास-दीड तास राहिलं की विरघळतं आणि रस्सा बोटांना चिकटायला लागतो. शिट्ट्यांचं काम तेवढंच. ज्या तुकड्यात कोलॅजनही नाही आणि चरबीही नाही, तिथे शिट्टी फक्त तंतू आवळते आणि पाणी पिळून काढते.

म्हणून नवं मांस हातात आलं की आधी तीन गोष्टी बघायच्या: चरबी किती आणि कुठे आहे, तुकडा पळणाऱ्या भागाचा आहे की पाठीच्या मऊ भागाचा, आणि जनावराचं वय काय. कुठला मसाला घालायचा हा प्रश्न त्यानंतरचा. या धाग्यात प्रत्येकाने आपल्याला नीट ठाऊक असलेल्या एकेका प्राण्याबद्दल लिहावं, अंदाजपंचे नको.

बिडाचा तवा
चांगला विषय. कांगारूपासून सुरुवात करतो.

कांगारू पाळत नाहीत. बाजारातलं सगळं मांस रानातल्या जनावरांचं असतं. परवानाधारक नेमबाज रात्री गोळी घालून मारतात आणि वर्षाला किती मारायचे ते सरकार ठरवतं. हलाल हवं असणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. आयुष्यभर उड्या मारलेला स्नायू, त्यामुळे रंग काळपट लाल आणि चरबी साधारण दोन टक्क्यांच्या आत.

पाकीट फोडल्यावर मांस जांभळट दिसतं आणि उग्र वास येतो. हवाबंद पाकिटात असं होतंच. १५ मिनिटं ताटलीत उघडं ठेवा, रंग लाल होतो आणि वास उतरतो. त्यानंतरही वास आंबूस राहिला किंवा हाताला बुळबुळीत लागलं, तर मात्र टाकून द्या.

तुकड्यावर चांदीसारखा चकचकीत पापुद्रा असतो. तो कितीही शिजवला तरी चावला जात नाही आणि तव्यावर आखडून तुकडा वाकडा करतो. सुरीचं टोक पापुद्र्याखाली सरकवा, पातं किंचित वर धरा आणि एका हाताने पापुद्रा ताणत सुरी पुढे न्या. खालचं मांस वाया जात नाही.

मग कागदाने टिपून पूर्ण कोरडं करायचं. तेल तव्यात नाही, मांसाला चोळायचं. मीठ तव्यावर टाकण्याच्या क्षणी. बिडाचा तवा धूर येईपर्यंत तापवा. अडीच सेंटिमीटर जाडीच्या तुकड्याला एका बाजूने दोन ते अडीच मिनिटं, मग एकदाच उलटून तेवढाच वेळ. मांसात खुपसायचा तापमापक असेल तर मधोमध ५२ अंश आले की उतरवा, विसावताना तीन-चार अंश आपोआप चढतात. ऊबदार ताटलीत सैल झाकून पाच-सात मिनिटं ठेवा, मग तंतूंच्या आडवं कापा. विसावा दिला नाही तर सगळा रस ठोकळ्यावर येतो.

आळणी रस्सा
आदल्या रात्री दही, आलं-लसूण आणि थोडी कच्ची पपई लावून ठेवली तर मऊ होणार नाही का? बोकडाच्या रानेला, म्हणजे अख्ख्या तंगडीला, तसंच करतात.

बिडाचा तवा
रान मोठी, हाडाची आणि तासन् तास शिजणारी असते, तिथे ते चालतं. कांगारूच्या पातळ तुकड्यात पपईचा रस आतपर्यंत पोचतच नाही. वरचा थर लगदा होतो आणि आतला भाग होता तसाच राहतो. शिवाय दही आणि वाटण ओलं असतं. तव्यावर पडल्यावर ते पाणी आटेपर्यंत मांस भाजत नाही, वाफाळतं, आणि खरपूस रंग येईपर्यंत आतून पूर्ण शिजून कडक होतं.

मसाला हवाच असेल तर मिरी आणि धणे जाडसर कुटून दाबा. लाल तिखट तव्यावर नको, इतक्या आचेला अर्ध्या मिनिटात जळून कडू होतं. वाटण वेगळ्या भांड्यात परतून, थोडं पाणी घालून दाट करून वरून घाला. चव तीच मिळते आणि मांस बिघडत नाही.

मिरीदाणा
पण आतून लाल मांस सगळ्यांना जमत नाही. पूर्ण शिजवून हवं असेल तर काय करायचं? गरोदर बायकांना चालतं का?

बिडाचा तवा
गरोदर बाई किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्या माणसाने अर्धं शिजलेलं कांगारू खाऊ नये, टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीचा धोका खरा आहे. पण त्यावर उपाय म्हणून पाठीचा तुकडा जास्त वेळ शिजवू नका. शेपूट घ्या. शेपटीत मणके, सांधे आणि कोलॅजन भरपूर आहे आणि ती आपल्या पद्धतीला चपखल बसते.

सव्वा किलो शेपूट, सांध्यांवर कापलेली. हाडावर सुरा मारू नका, दोन मणक्यांच्या मधली मऊ जागा बोटाने चाचपून तिथे कापा, नाहीतर रश्श्यात हाडाचे कपचे येतात. तुकडे थोड्या तेलात सगळीकडून लाल करून घ्या. तीन कांदे, आलं-लसूण, दीड लिटर पाणी. रटरटू न देता मंद आचेवर तीन ते साडेतीन तास. पहिला अर्धा तास वर येणारा फेस काढत राहा. कुकरमध्ये केलंत तर पहिल्या शिट्टीनंतर आच अगदी बारीक करून ५० मिनिटं, आणि वाफ आपोआप जिरू द्यायची.

कांदा-खोबऱ्याचं वाटण शेवटच्या २० मिनिटांत. सुरुवातीपासून घातलं तर खोबरं बुडाला लागतं आणि तेल सुटून रस्सा फाटल्यासारखा दिसतो. गार झाल्यावर रस्सा थरथरणाऱ्या जेलीसारखा बसला, तर शेपूट नीट शिजली असं समजा.

मध्य ऑस्ट्रेलियातले आदिवासी शेपटीला पाणीच लावत नाहीत. केसांसकट शेपूट जाळावर फिरवून केस जाळतात, खरवडतात, हल्ली फॉइलमध्ये गुंडाळतात आणि निखारे-राखेत पुरतात. तासाभराहून जास्त वेळ लागतो. कातडीमुळे आतलं पाणी आतच राहतं, म्हणून सोललेल्या शेपटीवर हा प्रकार करू नये.

खिम्याबद्दल एकच: नुसता कांगारूचा खिमा कबाबाला भुगा होतो. किलोला १०० ते १५० ग्रॅम दुसरी चरबी मिसळा आणि खिमा मात्र आतपर्यंत पूर्ण शिजवा, कारण दळताना बाहेरचे जंतू आत जातात.

गवताळ
आता याच्या अगदी उलट मांस. कझाकस्तानात घोड्याची चरबी हाच पदार्थाचा जीव.

तिथे हिवाळ्याच्या तोंडावर घरटी जनावर कापून थंडीची बेगमी करण्याची चाल आहे, तिला सोगुम म्हणतात. घोड्याच्या प्रत्येक भागाला वेगळं नाव आणि वेगळी कृती. 'काझी' म्हणजे बरगड्यांवरचं मांस लागून असलेल्या चरबीसकट आतड्यात भरलेलं. 'शुझुक' म्हणजे बारीक केलेलं मांस भरलेलं. 'झाल' म्हणजे आयाळीखालची चरबी, 'झाया' पुठ्ठ्याचं मांस, 'कार्ता' जाड आतडं. एका ताटात हे सगळे काप शेजारी शेजारी मांडले की कुठला कुठल्या भागाचा ते रंगावरून कळतं.

काझीची कृती अशी. आतडं उलटं करून जाड मिठाने चोळायचं, गार पाण्याने धुवायचं, वास पूर्ण जाईपर्यंत दोन-तीनदा. वजडी साफ करणाऱ्यांना हे काम नवीन नाही. आतली चरबी ओरबाडून काढू नका. मांसाच्या किलोला २५ ते ३० ग्रॅम मीठ, चमचाभर कुटलेली मिरी, चार-पाच लसणाच्या पाकळ्या. बास. जिरं, धणे, काही नाही. एक दिवस गार जागी मुरवायचं. मग लांब पट्टी तशीच आतड्यात सरकवायची, चरबी आणि मांस दोन्ही पूर्ण लांबीभर येतील अशी. तोंडं लाकडी काडीने किंवा दोऱ्याने बंद.

उकळताना बहुतेकांचं इथेच बिघडतं. गार पाण्यात टाकून हळूहळू तापवायचं आणि पुढे पाणी नुसतं हलत राहील एवढीच आच ठेवायची. २० ते ३० मिनिटांनी सुईने पाच-सहा ठिकाणी टोचायचं. टोचलं नाही तर आतली वाफ आतडं फोडते आणि सगळी चरबी पाण्यात जाते. सुईऐवजी सुरीने टोचलंत तर भोक पसरत जाऊन तेच होतं. साधारण दोन तासांत होतं. गरम असताना कापायचं नाही, चरबी ओघळते. कोमट झाल्यावर सेंटिमीटरभर जाड काप काढायचे. उरलेल्या पाण्यात मैद्याच्या चौकोनी पात्या उकडून त्यावर मांस मांडलं की बेशबरमाक झालं, आणि तोच रस्सा वाटीतून वेगळा पितात.

घोड्याच्या मांसाला हलका गोडवा असतो, कारण स्नायूत ग्लायकोजन, म्हणजे साठवलेली साखर, जास्त. ज्याला ही गोडी माहीत नाही तो मांस जुनं झालं असं समजतो. तसं नसतं. आणि ही चरबी बोकडाच्या चरबीसारखी टाळूला थिजत नाही, ती फार कमी तापमानाला वितळते.

मिरीदाणा
जपानमध्ये घोडा कच्चा खातात ना? ते घरी करता येईल?

गवताळ
कच्च्या पातळ कापांना बासाशी म्हणतात, कुमामोतो त्यासाठी नावाजलेलं. आलं, लसूण आणि दक्षिणेकडचा गोडसर सोया सॉस. आयाळीखालची पांढरीशुभ्र चरबीही कापून देतात, लाल कापासोबत एकत्र खायची.

घरी करू नका. घोड्याच्या स्नायूत सार्कोसिस्टिस नावाचा परजीवी असतो. कच्च्या मांसातून पोट बिघडण्याचं कारण हा असल्याचं लक्षात आल्यावर २०११ साली जपानच्या आरोग्य मंत्रालयाने गोठवण्याचे निकष दिले: तुकड्याच्या मध्यभागी उणे २० अंश, किमान ४८ तास. घरचं फ्रीझर उणे १८ च्या आसपास चालतं आणि मध्यभागाचं तापमान तर आपण मोजतही नाही.

दुसरं म्हणजे शर्यतीच्या किंवा रपेटीच्या घोड्याचं मांस कधीही घेऊ नये. अशा घोड्यांना फिनिलब्युटाझोन हे दुखण्यावरचं औषध देतात, आणि ते दिलेला घोडा युरोपात अन्नासाठी बाद ठरतो. खाण्यासाठी पोसलेला घोडा वेगळा.

खाडीपलीकडे
उंटाबद्दल. आखाती देशांत खाण्यासाठी 'हाशी' मागावं, म्हणजे कोवळा उंट. वय वाढलेल्या उंटाचे तंतू जाडजाड असतात, मग कितीही मेहनत घ्या. दुकानात बघायची खूण: कोवळ्याचं मांस तांबूस, म्हाताऱ्याचं गडद आणि चरबी पिवळट.

उंटाची चरबी अंगभर पसरलेली नसते, बरीचशी मदारीत, म्हणजे पाठीवरच्या उंचवट्यात, साठलेली असते. म्हणून पायाचं मांस घेताना मदारीचा तुकडा मागून घ्यायचाच. दोन किलो मांसाला पाव किलो मदार, बोराएवढे तुकडे करून आधी मंद आचेवर पातेल्यात वितळवा. त्याच वितळलेल्या चरबीत मांस परता, मग कांदा, काळं सुकं लिंबू, दालचिनी, वेलची आणि गरम पाणी. कोवळ्याला दोन ते अडीच तास. त्याच पाण्यात तांदूळ शिजवतात. तांदूळ घालण्याआधी वर आलेली चरबी पळीने काढून ठेवा, नाहीतर भात जड होतो. खिम्यातही १५ ते २० टक्के मदार हवी.

कच्चं किंवा अर्धं शिजलेलं उंटाचं मांस नको, काळीज (कलेजी) तर अजिबात नको. कच्च्या काळजातून प्लेग झाल्याची प्रकरणं त्या भागात नोंदली गेली आहेत. मर्स या श्वसनाच्या आजाराचा संबंध उंटांशी असल्याने जागतिक आरोग्य संघटनाही पूर्ण शिजवण्याचाच सल्ला देते.

सोमाली लोकांचा मुकमाद हा टिकाऊ प्रकार शिकण्यासारखा आहे. पट्ट्या कापून वाळवतात, वाळल्यावर हरभऱ्याएवढे तुकडे करतात, तेलात पाणी पूर्ण जाईपर्यंत तळतात आणि तुपात बुडवून ठेवतात. महिनोन् महिने टिकतं. बिघडतं ते एकाच कारणाने: तुकडा मोठा राहिला की मधला ओलावा जात नाही आणि तूप खवट होतं.

उत्तरध्रुव
रेनडिअर. फिनलंडमध्ये पोरोनक्यारिस्तिस, स्वीडनमध्ये रेनस्काव्ह, पद्धत एकच: मांस गोठलेलं असतानाच कागदासारखं पातळ तासायचं. विरघळलं की सुरीखाली सरकतं आणि जाड तुकडे पडतात. तयार तासलेलं पाकीट मिळतं, तेही विरघळवू नका, गोठलेलंच कढईत टाका.

६०० ग्रॅमला ७५ ग्रॅम लोणी. तीन-चार घाण्यांत परता. सगळं एकदम टाकलंत तर पाणी सुटून मांस उकडतं आणि करडं दिसतं. सगळं लालसर झालं की एकत्र करून दोन डेसिलिटर (२०० मिली) पाणी, मीठ, झाकण, आणि बारीक आचेवर ३० ते ४५ मिनिटं. सोबत बटाट्याचं घोटलेलं भरीत आणि लिंगनबेरी, म्हणजे तिकडची आंबट लाल बेरी.

एक माहिती राहवत नाही म्हणून देतो. रेनडिअरचं हिवाळ्यातलं मुख्य खाद्य लायकेन, म्हणजे आपल्या गोड्या मसाल्यातलं दगडफूल ज्या प्रकारात मोडतं तेच. लायकेनला मुळं नसतात, ते हवेतून आणि पावसातूनच सगळं शोषतं. १९८६ च्या चेर्नोबिल अणुभट्टीच्या अपघातानंतर म्हणूनच स्वीडनमधल्या रेनडिअरच्या मांसात किरणोत्सारी सीझियम इतकं चढलं की किलोला ३०० बेकरेलची (बेकरेल हे किरणोत्साराचं माप) मर्यादा १९८७ साली १५०० वर न्यावी लागली. कळप सांभाळणाऱ्या सामी या तिथल्या आदिवासी कुटुंबांचा सगळा संसार त्यावर होता. जनावरांना कापण्याआधी काही आठवडे स्वच्छ चारा देणं, कापण्याचा हंगाम अलीकडे आणणं, हे उपाय तेव्हापासूनचे.

आळणी रस्सा
आइसलंडचा सडवलेला शार्क खरंच विषारी असतो का?

उत्तरध्रुव
ताजा ग्रीनलंड शार्क, हो. त्याच्या मांसात युरिया आणि ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइड भरपूर असतं. पोटात गेल्यावर त्याचं ट्रायमिथाइलअमाइन होतं आणि दारू चढल्यासारखी झिंग येते, जास्त खाल्लं तर प्रकरण गंभीर होतं. म्हणून डोकं आणि आतडी काढून मांस वाळू-खडीच्या उथळ खड्ड्यात पुरतात, वर दगड रचतात. ६ ते १२ आठवड्यांत दगडांच्या भाराने पाणी निथळतं आणि आंबण्याची क्रिया होते. मग पट्ट्या कापून वाऱ्याच्या झोपडीत चार-पाच महिने टांगतात. वर तपकिरी कवच धरतं, ते काढून टाकायचं आणि आतला फिकट भाग बोराएवढे चौकोन करून खायचा.

पोटाकडचा भाग लालसर आणि चिवट, अंगाचा पांढरा आणि मऊ. अमोनियाचा भपका नाकात जातो तो पहिल्या घासालाच. वास घेऊन मग खाऊ नये, आधी तोंडात टाकावं आणि श्वास सोडत चावावं. नवख्याने पांढऱ्या भागापासून सुरुवात करावी. हा मासा फार सावकाश वाढतो, २०१६ च्या एका अभ्यासात त्याचं आयुर्मान किमान २७२ वर्षं निघालं. त्यामुळे एका चौकोनावर थांबणं चांगलं.

आइसलंडमध्ये या शार्कसोबतच्या जेवणात 'स्विथ' असतं, मेंढीची भाजलेली मुंडी. केस जाळायचे, खरवडायचे, उभी दोन भागांत कापायची, भेजा काढायचा आणि मिठाच्या पाण्यात तास-दीड तास उकडायची. मुंडी भाजणाऱ्या आपल्या खाटकाला यातली एकही पायरी समजावून सांगावी लागणार नाही.

सुरीठोकळा
पेरूच्या गिनीपिगबद्दल, म्हणजे कुईबद्दल, दोन ओळी मी लिहितो. तो सोलायचा नसतो. कढत पाण्यात बुडवून केस उपटतात, कारण कातडी हाच खाण्याचा भाग. अरेकिपा शहराच्या पद्धतीत चपटा करून, मक्याचं पीठ लावून, वर दगड ठेवून तळतात. दगड नसेल तर कातडी आखडते आणि फुगलेल्या भागाला तेल लागत नाही. तळण्याआधी कातडी काही तास उघड्यावर पूर्ण वाळवली नाही, तर रबरासारखी होते.

रानवाट
धागा उत्तम. एक गोष्ट मात्र स्पष्ट लिहायलाच हवी. वर आलेलं सगळं त्या त्या देशात कायदेशीर आहे. आपल्याकडे घोरपड, साळिंदर, रानडुक्कर, रानससा, कासव यांची शिकार वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली गुन्हा आहे, आणि विकत घेणाराही त्यात येतो. गोव्यात पावसाळ्यात पकडतात ते बेडूकही त्यातच. पहिल्या पावसात पिवळेधमक होऊन ओरडणारे ते नर असतात, नेमके प्रजननाच्या वेळी मारले जातात. बेडकांच्या तंगड्यांची निर्यात भारताने १९८७ सालीच बंद केली. आणि परदेशातून काझी किंवा सुकवलेलं मांस बॅगेतून आणू नका, त्याला आयात परवाना लागतो.

मिरीदाणा
रानवाट, आभार, हे लिहायलाच हवं होतं. उत्तरध्रुव, शेवटचा प्रश्न: लिंगनबेरीचा दुकानातला जॅम फार गोड लागतो. तिथे घरोघरी तोच घेतात का?

उत्तरध्रुव
नाही, घरी शिजवतच नाहीत. अर्धा किलो बेरी, ताजी किंवा गोठवलेली, आणि २०० ग्रॅम साखर. लाकडी चमच्याने थोड्या थोड्या वेळाने ढवळत राहायचं, साखर पूर्ण विरघळेपर्यंत. काही बेरी फुटतात, काही अख्ख्या राहतात, तसंच हवं. या फळात मुळातच बेंझॉइक आम्ल असतं, त्यामुळे स्वच्छ बरणीत फ्रीजमध्ये आठवडेच्या आठवडे टिकतं. मिक्सरला लावू नका, बिया फुटून तुरटपणा उतरतो.